यंत्राची साक्ष

इंग्लंडच्या दक्षिणेस, हॅम्पशर परगण्यात, साउथ वॉर्नबरो नावाचे एक लहानसे खेडे आहे, आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्या खेड्यातील दुकान व दुकानातच असलेली टपालकचेरी जो हॅमिल्टन नावाच्या बाई चालवीत असत. एकदा हिशेब मिटविण्याच्या वेळी समोरच्या संगणकाने सुमारे दोन हजार पौंडांची तूट दाखविली. तूट कशाची हे काही केल्या उमगेना, म्हणून बाईंनी खात्याने नेमून दिलेल्या मदतीच्या क्रमांकावर दूरध्वनी केला. पलीकडून जशा सूचना येत गेल्या तशा त्या कळा दाबीत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन हजारांच्या तुटीची चार हजारांची तूट झाली. पेटीतून एक पै हललेली नव्हती. तरीही ही रक्कम करारान्वये तुम्हीच भरून द्यावयाची आहे, असे त्यांना सांगण्यात आले, आणि घर गहाण टाकून त्या ती भरू लागल्या. पुढे तुटीचा आकडा छत्तीस हजारांवर गेला, चोरीचा आरोप ठेवला गेला, आणि खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केल्यास चोरीचा आरोप मागे घेऊ, या अटीवर त्यांनी न केलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब दिला. २००८ साली विंचेस्टरच्या न्यायालयात त्या उभ्या राहिल्या तेव्हा गावातील कितीतरी माणसे त्यांच्यासाठी तेथे आली होती आणि तुटीच्या भरपाईसाठी गावाने वर्गणीही जमविली होती. शेजाऱ्यांना जे दिसत होते ते न्यायासनाला का दिसू नये, हा या लेखाचा विषय आहे.

ब्रिटनमधील सबपोस्टमास्तर म्हणजे सरकारी नोकर नव्हे. आपल्याकडे कोकणात किंवा देशावर ज्या गावी टपालखात्याची स्वतःची इमारत नसे तेथे शाळामास्तर किंवा दुकानदार आपल्या पडवीत शाखा डाकघर चालवीत असे, त्या व्यवस्थेशी तिकडच्या सबपोस्टमास्तरकीचे बरेच साम्य आहे. मात्र तेथे हा मनुष्य आपली आयुष्याची पुंजी घालून दुकान विकत घेतो, टपालखात्याशी करार करतो, आणि तिकिटे, निवृत्तिवेतन, बचतखाती, परवान्यांचे शुल्क असा सगळा व्यवहार आपल्या जबाबदारीवर करतो. खेड्यातील वृद्ध माणसे आपले पैसे त्याच्या हाती विश्वासाने देतात. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्या अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय पत्करला, तो त्यात मिळकतीबरोबर प्रतिष्ठाही होती म्हणूनच. अशा माणसाला चोर म्हटले की नुसता त्याचा रोजगार जात नाही. गावातील त्याची जागाच जाते.

ज्या संगणकप्रणालीने हा अनर्थ घडविला तिचे नाव होरायझन, म्हणजे क्षितिज. तिची जन्मकथा ब्रिटिश राजकारणातली आहे. १९९६ साली, खाजगी भांडवलाने सरकारी कामे करवून घेण्याच्या धोरणानुसार, टपालकचेऱ्यांतून समाजकल्याणाचे भत्ते कार्डावर वाटता यावेत म्हणून हे काम आयसीएल या कंपनीकडे देण्यात आले, आणि ही कंपनी पुढे संपूर्णपणे जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली. योजना रखडली, खर्च वाढला, आणि १९९९ च्या मे महिन्यात भत्त्यांचा भाग सोडून देण्यात आला. परंतु एवढा पैसा ओतल्यावर सगळेच मोडीत काढणे सरकारला अवघड वाटले असावे, म्हणून उरलेला सांगाडा टपालकचेऱ्यांच्या हिशेबासाठी लावण्यात आला. एका कामासाठी आखलेली आणि अर्धवट राहिलेली वस्तू दुसऱ्या कामाला जुंपली गेली, हे येथे ध्यानात ठेवावे.

ही प्रणाली कशी चुकत असे, याचा एकच दाखला पुरेसा आहे. स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन या गावच्या पोस्टमास्तरणीला २०१५ साली आपल्या मुख्य कचेरीतून आपल्याच दुसऱ्या कचेरीकडे आठ हजार पौंड वर्ग करावयाचे होते. तिने नोंद करून कळ दाबली, परंतु पडदा जागचा हलेना. नोंद झाली नसावी अशा समजुतीने तिने तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली, आणि दर वेळी यंत्राने आठ हजारांची नवी नोंद मुकाट्याने केली. पोहोचले आठ हजार. कागदावर झाले बत्तीस हजार. आणि मधले चोवीस हजार पौंड, जे कधी अस्तित्वातच नव्हते, ते त्या बाईच्या नावे तूट म्हणून उभे राहिले. तिच्या बाबतीत दोष उघडकीस आला आणि दुरुस्ती झाली. परंतु त्याच जातीचा दोष त्यापूर्वीची पाच वर्षे इतर कचेऱ्यांत घडत आलेला होता, हेही तेव्हाच निष्पन्न झाले.

जुन्या पद्धतीत पोस्टमास्तर आपली कीर्द आपल्या हाताने लिही. रात्री ताळा लागला नाही तर मागची पाने उलटून कोणती रक्कम दोनदा चढली, कोणता हातचा राहून गेला, हे शोधून काढणे त्याच्या आवाक्यात होते. होरायझन आले आणि कीर्द त्याच्या हातून गेली. त्याला दिसे ती केवळ शेवटची शिल्लक, आणि तिच्या मुळाशी जाणाऱ्या नोंदी दूर कोठेतरी कंपनीच्या ताब्यात असत. त्या नोंदींत कंपनीच्या माणसांना पोस्टमास्तराच्या नकळत हात घालता येत असे, ही गोष्टही अनेक वर्षे नाकारली गेली आणि अखेरीस न्यायालयात सिद्ध झाली. हिशेब एकाच्या हाती, आणि हिशेबाची जबाबदारी दुसऱ्याच्या शिरावर: माझ्या मते साऱ्या अन्यायाचे बीज येथेच आहे.

तूट भरण्याचे कलम करारात होतेच. पोस्टमास्तराच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेले नुकसान त्याने भरून द्यावे, असे ते कलम. खाते मात्र ते असे चालवी की, तूट दिसली म्हणजे हयगय सिद्धच झाली. मदतीच्या क्रमांकावर तक्रार करणाऱ्या कित्येकांना असे उत्तर मिळाले की, अशी अडचण देशात दुसऱ्या कोणालाच आलेली नाही. हे एक वाक्य या प्रकरणातील सर्वांत क्रूर वाक्य होय, असे मी समजतो. कारण त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या गावात, आपापल्या दुकानामागच्या खोलीत, एकटा पडला आणि अखेर स्वतःच्याच स्मरणशक्तीवर, नोकरांवर, क्वचित घरच्या माणसांवर संशय घेऊ लागला. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसांना अशा तुटीपायी गुन्हेगार ठरविण्यात आले, आणि ज्यांच्यावर खटला झाला नाही परंतु ज्यांनी पदरचे पैसे घालून तूट भरली त्यांची संख्या हजारांत जाते.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनच्या १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात एकोणसत्तरावे कलम असे होते की, संगणकातून निघालेला कागद आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून दाखल करावयाचा असेल तर तो संगणक त्या वेळी नीट चालत होता, हे दाखल करणाऱ्याने दाखवून द्यावे. कायदा सुधारणा आयोगाला ही अट जाचक वाटली. संगणकांचा प्रसार वाढत होता, प्रत्येक खटल्यात यंत्राची तंदुरुस्ती शाबीत करीत बसणे अव्यवहार्य होते, आणि मद्य पिऊन गाडी हाकणारे आरोपी श्वास मोजणाऱ्या यंत्राच्या बारीकसारीक उणिवांवर बोट ठेवून सुटू पाहत होते. तेव्हा १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकण्यात आले, आणि त्याच्या जागी न्यायालयांचे जुने गृहीत पुन्हा लागू झाले: यांत्रिक साधन हे बिघडल्याचे दिसून येईपर्यंत नीट चालत आहे, असे मानावे. २००० साली हा बदल अमलात आला. आणि त्याच सुमारास देशभरच्या टपालकचेऱ्यांत होरायझनची यंत्रे बसविली जात होती.

हे गृहीत घड्याळाला, तराजूला, चौकातील वाहतुकीच्या दिव्याला शोभते. तराजू बिघडला तर तो सर्वांनाच चुकीचे माप देतो, आणि दोन दिवसांत साऱ्या बाजाराला ते कळते. संगणकाच्या आज्ञावलीतील दोष या प्रकारचा नसतो. लक्षावधी व्यवहार ती बिनचूक करते, आणि एखाद्या गावी, एखाद्या क्षणी, पडदा अडकला असताना किंवा तारेवरचा संपर्क तुटला असताना, दोन घटना एका विशिष्ट क्रमाने घडल्या तरच ती चुकते, आणि पुढच्या क्षणी पुन्हा सरळ चालू लागते. चुकीचा मागमूस पाहणाऱ्याला दिसत नाही. असा दोष आरोपीने दाखवून द्यावा म्हणणे म्हणजे ज्या दप्तराला त्याला हात लावता येत नाही त्या दप्तरातील खाडाखोड त्याने शोधून आणावी, असे म्हणणे आहे. निरपराधित्वाचे गृहीत हा इंग्लिश न्यायपद्धतीचा कणा आहे, असे आपल्या पिढ्यान्पिढ्या शिकत आल्या. येथे माणसाविषयीचे ते गृहीत काढून ते यंत्राला बहाल करण्यात आले.

त्यात भर पडली ती आणखी एका जुन्या प्रथेची. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणाही व्यक्तीला वा संस्थेला स्वतः फौजदारी खटला भरता येतो, आणि टपालखाते हा अधिकार शतकानुशतके वापरीत आले होते. सबब ज्याचे पैसे बुडाले म्हणावयाचे तोच फिर्यादी, चौकशी करणारे अंमलदार त्याचेच, खटला भरण्याचा निर्णय देणारे वकीलही त्याचेच, आणि ज्या यंत्रावर भिस्त ते यंत्रही त्याचेच. नऊशेपैकी सुमारे सातशे खटले खात्याने स्वतः चालविलेले आहेत. तथापि सारा दोष या प्रथेच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. कारण स्कॉटलंडमध्ये खटले स्वतंत्र सरकारी अभियोक्ता चालवितो, उत्तर आयर्लंडमध्येही तशीच व्यवस्था आहे, आणि तेथेही निरपराध माणसांना शिक्षा झाल्याच. फिर्यादी बदलला तरी यंत्रावरचा विश्वास तोच होता.

सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या पोस्टमास्तर सीमा मिश्रा या मूळच्या भारतातल्या. त्यांच्यावर चौऱ्याहत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेच्या चोरीचा आरोप होता, आणि यंत्र चुकत असले पाहिजे, हे त्यांनी पंचांपुढे शेवटपर्यंत सांगितले. फुजित्सूच्या अभियंत्याने साक्ष दिली, पंचांनी त्यांना दोषी ठरविले, आणि ११ नोव्हेंबर २०१० रोजी पंधरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या, आणि त्यांच्या थोरल्या मुलाचा तो दहावा वाढदिवस होता. मूल जन्मले तेव्हा त्यांच्या पायात कैद्याच्या पाळतीचे विजेचे कडे होते. खात्याच्या अंतर्गत पत्रव्यवहारात मात्र, यंत्राला दोष देणाऱ्या इतरांना या निकालाने जरब बसेल, अशी आशा व्यक्त झाली. पुढे २०१३ साली खात्याच्याच वकिलाने लेखी सल्ला दिला की, त्या अभियंत्याने स्वतःला ठाऊक असलेले दोष न्यायालयापासून लपविलेले दिसतात आणि म्हणून त्याच्या साक्षीवर विसंबता येणार नाही. हा कागद उजेडात यावयास २०२० साल उजाडावे लागले. मधल्या सात वर्षांत सीमा मिश्रांना आणि त्यांच्यासारख्या शेकडोंना कोणी एक अक्षर कळविले नाही. यंत्राची चूक समजण्यासारखी असते. या सात वर्षांच्या मौनाला मी अपराध म्हणतो.

दिवाणी मार्गाने गेलेल्यांची गत निराळी नव्हती. यॉर्कशरमधील ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी सुमारे पंचवीस हजार पौंडांची तूट नाकारली. मदतीच्या क्रमांकावर त्यांनी ९१ वेळा तक्रार केलेली होती. वकील परवडेना म्हणून उच्च न्यायालयात त्यांनी स्वतःच बाजू मांडली, २००७ साली ते दावा हरले, आणि खात्याच्या खर्चाचे तीन लक्ष एकवीस हजार पौंड त्यांच्यावर बसून त्यांचे दिवाळे निघाले. पंचवीस हजारांच्या वसुलीसाठी तीन लक्ष खर्चणारे खाते पैशासाठी लढत नव्हते. कोणी मान वर काढू नये म्हणून लढत होते.

मान वर काढली ती वेल्समधील लँडडनो येथील अ‍ॅलन बेट्स यांनी. त्यांनी तूट मान्य करण्याचे नाकारले, २००३ साली खात्याने त्यांचा करार संपविला, आणि तेव्हापासून कागद जमविण्याचा व पत्रे लिहिण्याचा त्यांचा उद्योग वीस वर्षांवर चालला. २००९ साली ‘कम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात पोस्टमास्तरांच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी वॉरिकशरमधील फेनी कॉम्प्टन या खेड्याच्या सभागृहात पीडितांची पहिली सभा भरली, आणि तुम्ही एकटेच आहात, हे वाक्य तेथे प्रथम खोटे ठरले. जेम्स आर्बथनॉट या हॅमिल्टनबाईंच्या खासदारांनी पार्लमेंटात पाठपुरावा केला. अखेर ५५५ जणांनी मिळून दावा गुदरला, आणि न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी २०१९ साली दोन निकाल दिले: मार्चमध्ये कराराविषयी, डिसेंबरमध्ये यंत्राविषयी. पहिल्या निकालानंतर न्यायमूर्ती पक्षपाती आहेत, त्यांना दूर करावे, असा अर्ज करण्यापर्यंत खात्याची मजल गेली. तो फेटाळला गेला. तडजोडीत खात्याने ५ कोटी ७७ लक्ष ५० हजार पौंड दिले खरे, परंतु दावा चालविण्याचा खर्च वजा जाता ५५५ माणसांच्या वाट्याला जेमतेम सव्वा कोटीच्या आत रक्कम उरली. जिंकूनही माणसे कर्जातच राहिली. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ शिक्षा रद्द केल्या. त्यांत जो हॅमिल्टन होत्या, सीमा मिश्राही होत्या. तुरुंगात जाताना मिश्रांच्या पोटात जे मूल होते ते तेव्हा दहाव्या वर्षात होते.

राजकारणाविषयी माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. टपालखात्याची मालकी संपूर्णपणे सरकारची होती आणि आहे. या काळात मजूर पक्षाची, मग संयुक्त पक्षांची, मग हुजूर पक्षाची अशी सरकारे आली आणि गेली, आणि खात्याच्या दैनंदिन कारभारात आम्ही हात घालीत नाही, या सबबीआड प्रत्येक सरकारने आश्रय घेतला. मालक म्हणून मिरवावयाचे आणि जाब विचारला की खाते स्वायत्त आहे म्हणावयाचे, ही रीत लोकशाहीला घातक आहे. २०१२ पासून खात्याच्या प्रमुख असलेल्या पॉला व्हेनेल्स यांना २०१९ च्या आरंभी राजसन्मान मिळाला, तो २०२४ साली काढून घ्यावा लागला. परंतु मधल्या काळात न्यायालयाचे निकाल, वृत्तपत्रांतील लेख आणि २०२१ पासूनची न्यायमूर्ती सर विन विल्यम्स यांची वैधानिक चौकशी एवढे सारे होऊनही राज्यकर्ते हलले नव्हते. ते हलले जानेवारी २०२४ मध्ये, दूरचित्रवाणीवर बेट्स यांच्या लढ्याचे नाट्यरूप चार रात्री दाखविले गेले आणि घरोघरची माणसे संतापली तेव्हा. मग पाच महिन्यांच्या आत पार्लमेंटाने कायदा करून त्या शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या.

विधिमंडळाने न्यायालयाचे निकाल रद्द करणे ही सामान्यतः भयंकर गोष्ट आहे, आणि ज्या विद्वानांनी त्याबद्दल चिंता व्यक्त केली त्यांची चिंता मला खरी वाटते. तरीही त्या प्रसंगी दुसरा मार्ग उरला नव्हता. पुष्कळ पीडित वृद्ध होते, काही निवर्तले होते, आणि कित्येकांचा न्यायालयांवरचा विश्वासच असा उडालेला होता की, अपील करण्यासाठीसुद्धा पुन्हा त्या पायऱ्या चढण्यास ते तयार नव्हते. सर विन यांच्या अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. किमान तेरा माणसांनी या छळापायी आत्महत्या केली असण्याचा वास्तव संभव आहे, असे त्यात म्हटले आहे. नुकसानभरपाईची रक्कम तोवर शंभर कोटी पौंडांपलीकडे गेली होती. एकाही अधिकाऱ्यावर मात्र फौजदारी खटला उभा राहिलेला नव्हता.

आपला याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो जालन्यापर्यंत येऊन पोहोचतो. भारतीय पुरावा कायद्यात २००० साली जे ६५ब कलम घालण्यात आले ते ब्रिटनच्याच १९६८ च्या एका दिवाणी कायद्यावरून बेतलेले होते. संगणकातील नोंद दाखल करावयाची तर यंत्र नीट चालत होते अशा आशयाचे प्रमाणपत्र जोडावे, असे ते सांगे. ब्रिटनने १९९५ साली आपली ती तरतूद काढून टाकली, आपण ठेवली. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यावरून वाद झाला, निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतील चित्रफिती पुरावा म्हणून पुढे आल्या, आणि खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निर्णय दिला की, मूळ साधनच न्यायालयापुढे आणले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्याला तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राचीही जोड मिळाली आहे. आपल्या कनिष्ठ न्यायालयांत पुष्कळदा हे प्रमाणपत्र एक छापील नमुना म्हणून भरले जाते, सही होते, आणि कोणी त्याकडे पाहत नाही. ज्या अटीच्या अभावी नऊशे संसार उद्ध्वस्त झाले ती अट आपल्या कायद्यात शाबूत आहे, आणि तिला आपण नुसता कागद करून टाकावे, ही खेदाची गोष्ट आहे.

ब्रिटिश सरकारने २०२५ च्या आरंभी संगणकीय पुराव्याच्या त्या गृहीताविषयी लोकांची मते मागविली. ते गृहीत रद्द झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान आरोपीने हरकत घेताच यंत्राच्या दोषांचे दप्तर उघडून दाखविण्याची सक्ती फिर्यादीवर असली पाहिजे. आणि आपल्याकडे पतपेढीत, शिधावाटपाच्या दुकानात, शाखा डाकघरात, एखाद्या माणसाला पडद्यावरच्या आकड्यावरून चोर ठरविण्याची वेळ येईल तेव्हा, प्रकरण ज्या वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या हाती असेल त्यांनी तो ६३ व्या कलमाचा कागद प्रथम हाती घ्यावा, त्यावर सही कोणाची आहे ते पाहावे, आणि त्या सही करणाऱ्याला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलवावे, अशी माझी विनंती आहे.